प्रगतीपुस्तकातला उंची-वजनाचा रकाना

प्रगतीपुस्तक घरी गेलं की पालक आधी श्रेणी बघतात, मग शेरा वाचतात आणि सही करून टाकतात. त्याच पानाच्या कोपऱ्यात एक छोटा रकाना असतो. उंची, वजन, पहिलं सत्र, दुसरं सत्र. तो कुणी वाचत नाही. खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही तो दर वेळी मन लावून भरत नाही. सत्र संपायच्या धावपळीत मागच्या आकड्यात दोन सेंटीमीटर आणि एक किलो मिळवून मोकळे होणारे हात मी पाहिलेत. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत त्यात माझाही हात होता.

मूल अंगणवाडीत असेपर्यंत त्याचं वजन दर महिन्याला होतं. ताईंकडे कार्ड असतं, त्यावर हिरवा-पिवळा-लाल पट्टा असतो, मूल खाली घसरलं की घरी निरोप जातो. पहिलीत नाव घातलं की हे सगळं बंद. पुढची चार-पाच वर्षं मुलाच्या वाढीची लेखी नोंद राहते ती बहुतेक या दुर्लक्षित रकान्यातच. ती वाचायची कशी, एवढंच इथे सांगायचं आहे.

प्रार्थनेची रांग

प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणे उभी राहतात, बुटकी पुढे आणि उंच मागे. आता समजा, एकाच वयाचे, खाऊनपिऊन सुखी घरांतले १०० मुलगे अशा रांगेत उभे केले. पुढून तिसरा जो, तो उंचीच्या तिसऱ्या पर्सेंटाइलवर. मधला पन्नासाव्यावर, मागून चौथा सत्त्याण्णवाव्यावर. डॉक्टरांकडच्या वाढीच्या तक्त्यावर ज्या वाकड्या रेघा वर चढत गेलेल्या दिसतात, त्या म्हणजे या रांगेतल्या ठरावीक जागा. दर वयाची रांग वेगळी, मुलींची वेगळी आणि मुलांची वेगळी.

पर्सेंटाइल हा शब्द घराघरांत सीईटीमुळे पोचलाय, आणि घोटाळाही तिथूनच होतो. ‘पंचविसावा’ म्हटलं की आईचा चेहरा उतरतो, जणू मूल नापास झालं. पण इथे वरचा नंबर म्हणजे हुशारी नव्हे. रांगेत कुणीतरी पंचविसावं असणारच. आईबाप दोघंही ठेंगणे असतील तर मुलानं पंधराव्या जागी उभं राहणं हे त्याच्या घराला धरूनच आहे. काळजी वेगळ्याच गोष्टीची करायची. जे मूल दोन वर्षं साठाव्या जागी उभं होतं, ते यंदा तिसाव्या जागी का आलं? जागा कुठली, यापेक्षा जागा सुटली का, हे बघायचं. आणि ते एका आकड्यावरून कधीच कळत नाही. किमान तीन-चार आकडे ओळीने हवेत.

ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या एका उमरावानं १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षं आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मापून लिहून ठेवली. वाढीच्या शास्त्रातली ही पहिली सलग नोंद मानतात. त्याच्याकडे काही यंत्रबिंत्र नव्हतं, फक्त चिकाटी होती.

आपल्याकडे पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ सालचे तक्ते वापरतात. ते सहा देशांतल्या मुलांवरून बनवले, त्यात दिल्लीची मुलंही होती. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचे, २०१५ सालचे तक्ते आहेत. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. जागतिक संघटनेचेही या वयासाठी २००७ सालचे तक्ते आहेत. दोन्हींत थोडा फरक आहे, त्याकडे पुढे येतेच.

तक्त्यात वय महिन्यांसह लागतं, हे विसरू नका. दुसरीच्या एकाच वर्गात ७ वर्षं पुरी झालेलं मूल असतं आणि ७ वर्षं ११ महिन्यांचंही. दोघांत पाच सेंटीमीटरचा फरक असणं हा निसर्ग आहे. (आमच्या पिढीत तर अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जून! गुरुजींनी लावलेली ती तारीख घेऊन तक्ता बघायला बसलं असतं तर निम्मी मुलं खुजी किंवा आडदांड निघाली असती.)

बाळसं उतरतं तेव्हा

पहिल्या वर्षात बाळ २५ सेंटीमीटरच्या आसपास वाढतं. जन्मतः ते ५० सेंटीमीटर असतं, म्हणजे हाच वेग टिकला तर दहाव्या वाढदिवसाला ते ३ मीटर उंच होईल! दुसऱ्या वर्षी वेग निम्म्याहून खाली येतो. शाळेत येईपर्यंत तो वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर आणि दोन-तीन किलो इतक्यावर स्थिरावतो. सहा ते नऊ हे वाढीचं सर्वांत संथ आणि सरळ चालीचं वय आहे. म्हणूनच या वयात गडबड झाली तर ती ओळखायला सोपी जाते, बघणारं कुणी असेल तर.

आता एक गोष्ट जी दर जून-जुलैत माझ्या वर्गाच्या दारात घडते. “बाई, हा खातो सगळं, पण अंगाला काही लागत नाही. बघा ना, बरगड्या मोजून घ्याव्यात!” मूल पहिलीतलं असतं. दोन वर्षांपूर्वी त्याचे गाल ओढायला सगळे पुढे यायचे, आणि आता हातपाय काटक्यांसारखे.

यात बिघडलेलं बहुतेक वेळा काही नसतं. अंगातल्या चरबीचं प्रमाण पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतं. त्यालाच आपण बाळसं म्हणतो. मूल चालायला-पळायला लागलं की ते उतरत जातं, आणि पाच ते सात या वयात मूल आयुष्यातलं सर्वांत सडपातळ असतं. त्यानंतर अंग पुन्हा हळूहळू भरायला लागतं. डॉक्टर या वळणाला महत्त्व देतात, कारण ते किती लवकर आलं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. चौथ्या वर्षीच जे मूल पुन्हा गोल व्हायला लागलं, ते मोठेपणी जाड होण्याची शक्यता जास्त. म्हणजे ज्याची आजी काळजी करते ते पहिलीतलं लुकडं मूल बहुतेक ठीक असतं, आणि ज्याचं सगळे कौतुक करतात त्या गुटगुटीत मुलाकडे लक्ष द्यायला हवं. गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा भरवणाऱ्या समाजाला हे पटवणं अवघड आहे.

याच वयात घरात शक्तीच्या पावडरींचे डबे येतात. त्यांतल्या बऱ्याच पावडरींत साखरेचा वाटा मोठा असतो. दुधातून दिल्या तर फायदा होतो तो मुख्यतः दुधाचा.

तिघांचं वजन २५ किलो

एका बाकावर तीन मुलगे बसलेत असं धरा. तिघंही बरोबर आठ वर्षांचे, तिघांचंही वजन २५ किलो. पहिला १२७ सेंटीमीटर उंच, दुसरा ११८, तिसरा १३४. रकान्यात नुसतं वजन लिहिलं तर तिघं सारखे. पण बघणाऱ्याला ते सारखे दिसत नाहीत. डोळ्यांना जे दिसतं त्याचं गणित म्हणजे बीएमआय: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं.

पहिल्याचा येतो १५.५. आठ वर्षांच्या मुलग्यांचा मध्य जागतिक तक्त्यात १५.७ आहे, म्हणजे हा अगदी रांगेच्या मधोमध. दुसऱ्याचा येतो जवळजवळ १८. या वयात १७.४ च्या वर गेलं की वजन जास्त धरतात आणि १९.७ च्या वर लठ्ठपणा. म्हणजे या मुलाचं वजन त्याच्या उंचीच्या मानानं जास्त आहे. तिसऱ्याचा १३.९. बारीक आहे, पण कृश म्हणायची रेघ १३.३ ला आहे, त्यामुळे तो हद्दीत आहे.

आता हेच तीन आकडे मोबाइलवरच्या कुठल्याही मोठ्यांच्या बीएमआय कॅल्क्युलेटरमध्ये घाला. मोठ्यांसाठी १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन. तिघंही कुपोषित! ज्या मुलाला आवर घालायला हवा त्यालाही यंत्र सांगणार की जास्त खा. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी बघूनच वाचायचा असतो, तो त्यासाठी बनवलेल्या तक्त्यावर. नुसता आकडा बोलत नाही.

आणि भारतीय तक्त्यांत जास्त वजनाची रेघ आणखी खाली आहे. मोठेपणी बीएमआय २५ ला पोचेल ती जागतिक तक्त्याची रेघ. आपल्या तक्त्यात ती २३ ला पोचणारी घेतली आहे आणि लठ्ठपणासाठी ३० ऐवजी २७. याचं कारण समजून घ्यायला पुण्यातच राहू. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि नंतर त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळं लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. काट्यावर बारीक, आतून चरबी राखून. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचाच दाखला एका फोटोसह छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनात गाठतो, म्हणून आपली रेघ खाली आणावी लागली.

एकाच शाळेत दोन्ही

माझी पहिली शाळा बीड जिल्ह्यातली. तिथे दुसऱ्या सत्राचे अर्धे रकाने कोरे राहायचे. दिवाळी झाली की आईबापांबरोबर मुलंही ऊसतोडीला जायची. मार्च-एप्रिलात परत आली की मी त्यांना काट्यावर उभं करायची. ऑक्टोबरात १९.५ किलोचं मूल एप्रिलात १९ भरायचं, उंची मात्र दोन सेंटीमीटरनं वाढलेली. या वयात सहा महिन्यांत किलो-दीड किलो मिळायला हवं. ते मिळालेलं नाही, उलट होतं त्यातलंही गेलं. पण जूननंतर खिचडी सुरू झाली, वेळेवर दोन घास पोटात गेले, जंताची गोळी झाली, की त्यातली बरीच मुलं दिवाळीपर्यंत भरून निघायची. वजन लवकर जातं आणि लवकर येतं. उंचीचं तसं नाही. ती उशिरा रुसते आणि समजूत काढायलाही वेळ लागतो.

म्हणून तीन शब्द वेगळे ठेवायचे. वयाच्या मानानं उंची कमी तो खुजेपणा, हा जुन्या उपासमारीचा किंवा सारख्या आजारपणाचा माग. बहुतेक वेळा त्याची सुरुवात दोन वर्षांच्या आत झालेली असते. उंचीच्या मानानं वजन कमी तो कृशपणा. तो अलीकडचा असू शकतो. आणि नुसतं वयाच्या मानानं वजन कमी, यात दोन्ही मिसळलेलं असतं; कारण कळत नाही. जागतिक तक्त्यांत तर वयानुसार वजनाचा तक्ता दहाव्या वर्षानंतर दिलेलाच नाही.

२०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांची २२ टक्के मुलं खुजी होती, २३ टक्के कृश आणि ४ टक्के जास्त वजनाची. शेवटचा आकडा छोटा वाटतो. मी आता शहरालगतच्या शाळेत आहे, आणि डबा उघडला की तो तितका छोटा वाटत नाही. आई सकाळी सातला कामाला निघते, पोराच्या हातात दहा रुपये असतात, दहा रुपयांत दोन पुडे येतात. जाडी आता फक्त श्रीमंताघरची राहिलेली नाही.

यातला सर्वांत अवघड मुलगा म्हणजे आपला बाकावरचा दुसरा: ठेंगणा आणि जड. लहानपणी उपाशी राहून खुजं झालेलं मूल सातव्या-आठव्या वर्षी ठासून खाऊ घातलं तर ते उंच होत नाही, रुंद होतं. त्याला पोळी-भाताचा ढीग नको. डाळ, उसळ, अंडं, दूध, भाजी असं हवं, आणि पळायला मैदान हवं.

पण त्याचं वजन उतरवायला जाऊ नका. वाढत्या मुलाला उपाशी ठेवणं हे कुठल्याच डॉक्टरांना चालत नाही. वजन फक्त थोपवायचं. गणित करून बघा. वर्षभरात तो सहा सेंटीमीटर वाढला, १२४ झाला, आणि वजन २५.५ वर राहिलं, तर त्याचा बीएमआय १६.६ येतो. जागतिक तक्त्यात नवव्या वर्षी तो हद्दीत बसतो. अर्धा किलोसुद्धा कमी न करता! मोठ्यांना ही सवलत नसते.

बाकी उपाय तुम्हाला ठाऊक आहेत. रोज तासभर घाम निघेल असा खेळ, रात्रीची नऊ-दहा तास झोप, जेवताना मोबाइल बंद. आणि आम्हा शिक्षकांनी एक पाळावं: काट्यावरचा आकडा वर्गात मोठ्यानं वाचू नये. ‘ढब्बू’ आणि ‘काडी’ ही नावं तिथेच जन्माला येतात.

चौथीतल्या मुली

चौथी-पाचवीत रांग एकदम बदलते. मुली मागे जातात, मुलगे पुढे राहतात. मुलींची वयात येण्याची सुरुवात ८ ते १३ या वयात कधीही होते, मुलग्यांची ९ ते १४ मध्ये. मुलींची उंचीची उडी आधी येते, मुलग्यांची साधारण दोन वर्षांनी. त्या वर्षी मुलीचं वजन चार-पाच किलोनं वाढलं तर दचकू नका; अंग भरणं हा त्याच तयारीचा भाग आहे. या दिवसांत मुलीचा भात कमी करणारी घरं मी पाहिलीत, आणि मला राग येतो.

मात्र आठव्या वर्षाच्या आधी छातीची वाढ दिसली, किंवा मुलग्यात नवव्या वर्षाच्या आधी वयात आल्याची चिन्हं दिसली, तर डॉक्टरांना दाखवा. अशी मुलं आज वर्गात उंच दिसतात, पण त्यांची हाडं लवकर पक्की होतात आणि उंची आधीच थांबते. घरचे मात्र ‘बापावर गेली’ म्हणून खूश असतात.

मापायचं कसं

बूट-मोजे काढायचे. रिबिनी आणि वरती बांधलेल्या वेण्या सोडायच्या. दोन सेंटीमीटर तिथेच जातात. टाचा, ढुंगण, पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरायचं आणि त्याच्या खालच्या कडेशी पेन्सिलीची खूण करायची. दिवसभरात मणका दबतो, संध्याकाळी उंची सेंटीमीटरभर कमी भरू शकते, म्हणून वेळ एकच ठेवा. वजन सकाळी, हलक्या कपड्यांत, दर वेळी त्याच काट्यावर. आणि कुणी उभं राहण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघा. आमच्या शाळेतला एक काटा कितीतरी वर्षं रिकामाच अर्धा किलो दाखवत होता. दर महिन्याला मापून जीव काढू नका, मापण्यातली चूकच त्या वाढीएवढी असते. वर्षातून दोनदा पुरे.

(वजन कळलं की दप्तरही एकदा काट्यावर ठेवा. ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नये असा नियम आहे. २० किलोच्या मुलाला २ किलो.)

मी हे सगळं नीट करायला लागले ते एका मुलीमुळे. दुसरीत ती प्रार्थनेला रांगेच्या मध्यावर असायची. तिसरी संपता संपता ती पुढून दुसरी झाली होती. तब्येत मात्र छान, गोल चेहरा. सगळे म्हणायचे, अंगानं भरतेय. एका दुपारी मी तिची जुनी पानं काढली. उंची ११९, १२०.५, १२१, १२२. वजन २२, २४.५, २७, २९. दीड वर्षात उंची तीन सेंटीमीटर, जिथे आठ-नऊ व्हायला हवी होती, आणि वजन सात किलो.

खाण्यानं जाड झालेली मुलं सहसा वयाच्या मानानं उंचही असतात. वजन चढतंय आणि उंची थांबलीय, ही जोडी खाण्याची नसते. वर्षाला चार सेंटीमीटरही उंची वाढत नसेल, तर मूल दिसायला कितीही ठणठणीत असो, दाखवून घ्यायचं. शाळेत वर्षातून एकदा बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक येतं, त्यांना सांगता येतं. मी थांबले नाही, तिच्या आईला बोलावलं. आई म्हणाली, “बाई, ती सुस्तावते जरा, एवढंच.” तपासणीत थायरॉइड निघालं. रोजची एक छोटी गोळी सुरू झाली.

आईनं मला नंतर सांगितलं, डॉक्टरांनी मुलीला तपासायच्याही आधी विचारलं होतं, “गेल्या वर्षी उंची किती होती?” तिनं मोबाइल काढून प्रगतीपुस्तकाच्या पानांचे फोटो दाखवले.